सही करण्याआधी: नसबंदी, तांबी आणि पिशवीच्या ऑपरेशनात बाईची संमती कशी जपायची

दिवाळी सरून थंडी पडली की खान्देशात नसबंदीच्या ऑपरेशनांचे दिवस सुरू होतात. थंडीत टाके लवकर भरतात असा बायकांचा समज. तिकडे आरोग्य खात्यात मार्चअखेरीचा हिशेब डोक्यावर आलेला असतो. त्यातच ऊसतोडीला, गुजरातेत कामाला गेलेली सातपुड्यातली माणसं होळीसाठी गावी परततात, तीही याच सुमारास. म्हणजे बाई घरी सापडायची वेळ आणि कागदावरचा आकडा पुरा करायची वेळ एकच येते. मी धुळे जिल्ह्यात एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स, म्हणून लागले तेव्हा नंदुरबार वेगळा झाला नव्हता. १९९८ साली तो वेगळा जिल्हा झाला आणि माझी नोकरी दोन्हीकडे झाली. आता निवृत्त आहे. कुणी बोलावलं तर बायकांबरोबर दवाखान्यात जाते, कागद वाचून दाखवते, अर्ज लिहून देते. त्या कामातून जे हाती लागलं ते इथे मांडते.

नसबंदीला माझा विरोध नाही. मनाने ठरवून आलेल्या, ऑपरेशननंतर सुखाने नांदलेल्या पुष्कळ बायका मी पाहिल्या आहेत. पण सिझरनंतर सहा महिन्यांनी जिला कळतं की नसही बांधून टाकली आहे, तिच्यापुढे बसून काय बोलायचं? 'तुझ्या भल्यासाठीच केलं' हे उत्तर तिला दवाखान्यात मिळतं आणि घरी सासूकडूनही मिळतं. तिचं भलं कशात आहे हे तिनेच ठरवायचं असतं. कायदाही तेच म्हणतो, फक्त तो तिच्यापर्यंत पोचत नाही.

घरी असतानाच ठरवा

बाळंतपणाच्या टेबलावर कोणताही कायमचा निर्णय घेऊ नये. सातव्या-आठव्या महिन्यात, डोकं शांत असताना, नवरा-बायकोने बसून बोलावं. मग आशाताईला किंवा नर्सबाईला सांगून माता-बाल संरक्षण कार्डावर नोंद करून घ्यावी: 'नसबंदी हवी', 'नसबंदी नको', 'तांबी नको', जे असेल ते. कार्डावरची ही एक ओळ पुढे फार कामाला येते. तिच्यावर तारीख असते आणि ती कळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी लिहिलेली असते.

ठरवण्याआधी काही गोष्टी माहीत हव्यात. नसबंदी कायमची धरूनच चालायचं. नस पुन्हा जोडण्याचं ऑपरेशन असतं, पण त्यातून मूल होईलच याची खात्री कोणी देत नाही. नसबंदीही शंभर टक्के पक्की नसते. दोनशे बायकांत साधारण एखादीला पुन्हा दिवस राहतात. मूल लांबवायचं एवढंच मनात असेल तर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आहे, छाया गोळी आहे, गर्भाशयात बसवायची तांबी (कॉपर-टी) आहे, निरोध आहे. सरकारी दवाखान्यात हे सगळं फुकट मिळतं. 'ऑपरेशन सोडून दुसरं काही नाही' असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

आणि पुरुषाची नसबंदी. ती बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी, पोट न उघडता होणारी. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के. 'त्याला कापूस वेचायचा, ट्रॅक्टर चालवायचा, त्याला अशक्तपणा येईल' असं घरोघरी ऐकते. कापूस बाईही वेचते. पुरुषाच्या नसबंदीने अशक्तपणा येत नाही; फक्त तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं आणि शेवटी वीर्याची तपासणी करून घ्यावी लागते. घरात ऑपरेशनचा विषय निघाला की हा पर्याय आधी मांडा, निदान त्याच बैठकीत तरी मांडा.

सरकारी निकषांनुसार नसबंदीसाठी बाई विवाहित असावी लागते, वय २२ ते ४९ असावं लागतं आणि निदान एक मूल वर्षापेक्षा मोठं असावं लागतं. वीस वर्षांच्या पोरीला कोणी गाडीत बसवत असेल तर तिथेच थांबवा. आधार कार्डावर वय वाढवून लिहिलेलं असतं ही आमच्या डोंगराळ भागातली नेहमीची गोष्ट आहे. म्हणून फक्त आधार बघू नका, शाळेचा दाखला किंवा जन्माची नोंद असेल तर तीही बघा.

सरकारी कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनला नवऱ्याची संमती सक्तीची नाही. बाईची संमती मात्र सक्तीची आहे. बाहेर याच्या उलट चालतं: नवऱ्याला वऱ्हांड्यात बोलावून सही घेतात आणि बाईला आत नेतात. डॉक्टरांच्या व्यवसाय-नियमांत, २००२ सालच्या, वंध्यत्व येऊ शकेल अशा ऑपरेशनसाठी नवरा-बायको दोघांची संमती घ्यावी असं वाक्य आहे, त्यामुळे खाजगी दवाखान्यात दोघांच्या सह्या मागतात. मागू देत. पण तिच्या सहीची जागा त्याच्या सहीने भरून निघत नाही. सासू, आई, भाऊ यांच्या सहीने तर नाहीच.

धमक्यांबद्दल बोलायला हवं. 'ऑपरेशन केलं नाही तर रेशन बंद होईल', 'बाळंतपणाचे पैसे मिळणार नाहीत' असं सांगितलं जातं. जननी सुरक्षा योजनेचे पैसे किंवा रेशन नसबंदीवर अवलंबून नाही. लेक लाडकी योजनेत मात्र दुसऱ्या अपत्याच्या वेळी कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेची अट आहे, हे लपवून उपयोग नाही. पण तिथेही 'माता किंवा पिता' असं लिहिलेलं आहे. हा 'किंवा पिता' कोणी वाचून दाखवत नाही. तुम्ही वाचून दाखवा. धमकी कोणी दिली, कोणत्या तारखेला, कोणासमोर, हे त्याच रात्री वहीत लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून लिहून घ्या. भीती घालून मिळवलेली संमती ही संमतीच नव्हे, असं भारतीय न्याय संहितेचं कलम २८ म्हणतं. म्हणून ही वही महत्त्वाची.

इथे आशाताईंबद्दल दोन शब्द. बैठकीत 'किती केसेस आणल्या' हा प्रश्न त्यांनाच विचारला जातो. सरकारने कुटुंब नियोजनातली संख्येची उद्दिष्टं १९९६ सालीच काढून टाकली आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अनौपचारिकपणेही लादू नका असं बजावलं. कोणी तोंडी आकडा दिला तर तो लेखी मागा. लेखी कोणी देत नाही, आणि तिथेच अर्धा दबाव उतरतो.

दवाखान्यात: कागद, भाषा आणि एक तास

नसबंदीचं संमतीपत्र छापील असतं. त्यात लिहिलेलं असतं की मी स्वखुशीने, दबाव किंवा आमिष नसताना ठरवलं. इतर साधनांची माहिती मला दिली. ऑपरेशन कायमचं आहे. ते क्वचित निकामीही होऊ शकतं. आणि ऑपरेशनच्या आधी कोणत्याही क्षणी मी मन बदलू शकते. ही शेवटची ओळ बोट ठेवून वाचा. टेबलावर झोपल्यावरही 'नको' म्हणता येतं. त्याने पुढचे उपचार, बाळाच्या लसी, काहीही थांबत नाही.

भाषेचा प्रश्न आमच्याकडे मोठा आहे. कागद मराठीत, डॉक्टर कधी लातूरचे तर कधी पुण्याचे, आणि समोरची बाई धडगावची पावरी बोलणारी, नवापूरची मावची बोलणारी, नाहीतर साक्रीकडची अहिराणी बोलणारी. ती मान हलवते. मान हलवणं ही आमच्या बायकांची दवाखान्यातली सवय आहे. मोठ्या माणसापुढे 'समजलं नाही' म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. म्हणून बाईला हे वाक्य घरीच पाठ करायला लावते: "माले समजनं नही, मनी भाषामा सांगा." आणि दुसरं: "मनं कसानं ऑपरेशन शे, काय काय काढशात, काय काय बांधशात?" पावरी, भिली, मावची बोलणाऱ्या बाईने आपल्या बोलीत हेच विचारावं आणि दुभाषी म्हणून आपल्या विश्वासाची बाई बरोबर न्यावी. तो दुभाषी केस आणणाराच असू नये.

सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात १४ सप्टेंबर २०१६ रोजी निकाल दिला. बिहारमधल्या अररिया जिल्ह्यात जानेवारी २०१२ मध्ये एका शाळेत, दोन तासांच्या आत, एकाच सर्जनने ५३ बायकांची नसबंदी केली होती, त्यावरून ते प्रकरण उभं राहिलं. खटला चालू असतानाच नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका शिबिरात एका दिवसात ८३ बायकांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्या भागातल्या शिबिरांत मिळून १३ जणी दगावल्या. न्यायालयाने सांगितलं की तपासणी-यादीतल्या गोष्टी आणि ऑपरेशनचे परिणाम बाईला कळणाऱ्या भाषेत समजावून सांगा, समजावल्याचं डॉक्टरने लिहून द्या, आणि त्यानंतर साधारण तासभर तिला विचार करायला द्या, म्हणजे मन बदललं तर तिला वाव राहील. नसबंदीची शिबिरं तीन वर्षांत बंद करा असंही त्या निकालात आहे.

हा तास मागून घ्या. तो कृपा म्हणून मिळत नाही, तो तुमचा आहे. कागदावर सही करताना तारखेशेजारी वेळही लिहा: 'सकाळी ९.४०'. ऑपरेशनच्या नोंदीत शस्त्रक्रियेची वेळ असतेच. उद्या वाद झाला तर या दोन वेळांमधलं अंतर कोणालाही मोजता येतं. अंगठा उमटवणाऱ्या बाईने तर साक्षीदार आपलाच घ्यावा आणि अंगठा उमटवण्याआधी कागद मोठ्याने वाचून घ्यावा. कोऱ्या कागदावर, अर्धवट भरलेल्या कागदावर, 'मागाहून भरू' म्हटलेल्या कागदावर सही नको. भूल किंवा गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर घेतलेली सही चालत नाही, असं नसबंदीच्या सरकारी मानकांतच लिहिलेलं आहे.

ठिकाण बघा. शाळा, समाजमंदिर, ग्रामपंचायतीचं सभागृह असेल तर घरी परत या. एकाच दिवशी मोठी रांग लावली असेल तरीही परत या. सरकारी मानकांनुसार ऑपरेशनच्या तीन दुर्बिणी (लॅपरोस्कोप) असलेल्या एका पथकाने एका दिवसात जास्तीत जास्त ३० शस्त्रक्रिया करायच्या असतात.

कळा, सिझर आणि तांबी

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी इथल्या आहेत. बाई कळा देत असते, नाहीतर सिझरसाठी तिला घाईने आत नेलेलं असतं, आणि तेवढ्यात चार कागद पुढे येतात: भुलीचा, सिझरचा, रक्ताचा आणि त्यात एक नसबंदीचा. ती चारही ठिकाणी सही करते. युरोपात स्लोवाकियात असंच रोमा या अल्पसंख्य समाजातल्या एका बाईच्या बाबतीत झालं होतं. कळांच्या वेळी तिची सही घेऊन तिची नसबंदी केली. युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने २०११ मध्ये, व्ही. सी. विरुद्ध स्लोवाकिया या खटल्यात, तो अमानुष वागणुकीचा प्रकार ठरवला. सही होती, तरीही.

तेव्हा बाळंतपणाला जाताना बरोबरच्या बाईने एकच काम पक्कं करावं: प्रत्येक कागद वेगळा धरून 'हा कशाचा?' असं विचारायचं. सिझरच्या कागदाने फक्त सिझर करता येतं. नसबंदीला वेगळा कागद, वेगळी सही. नको असेल तर सिझरच्या संमतीपत्रावरच स्वच्छ अक्षरात लिहा: 'नसबंदी करू नये. तांबी बसवू नये.' आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढा.

तांबीचं वेगळं सांगते, कारण लोक तिला ऑपरेशन समजतच नाहीत. बाळंत झाल्या झाल्या, वार पडली की दहा मिनिटांत तांबी बसवता येते. पद्धत चांगली आहे. पण कित्येकींना ती बसवली आहे हे माहीतच नसतं. अंगावरून जास्त जातं, ओटीपोट दुखतं, मग वर्षभराने कुणीतरी तपासतं आणि धागा सापडतो. घरी आल्यावर डिस्चार्ज कार्ड जाणत्या माणसाला दाखवा. कार्डावर इंग्रजी अक्षरांत 'पी.पी.आय.यू.सी.डी.' असेल तर तांबी बसवली आहे. 'टी.एल.' किंवा 'ट्युबेक्टॉमी' असेल तर नस बांधली आहे. 'एल.एस.सी.एस. विथ टी.एल.' म्हणजे सिझरबरोबर नसबंदी. ही अक्षरं मी आशाताईंच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून देते. तांबी काढून मागणं हाही हक्क आहे. 'पाच वर्षं काढणार नाही' असं म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

पिशवी

नसबंदीपेक्षा गर्भपिशवी काढण्याची ऑपरेशनं खाजगीत जास्त दडपून होतात. पाळी अंगावरून जाते म्हणून बाई जाते आणि 'कॅन्सर होईल' अशी भीती घातली की ती दागिने मोडून पैसे उभे करते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं २०१९ मध्ये सर्वेक्षण झालं तेव्हा ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. आपल्याकडून, नंदुरबार-धुळे-चाळीसगावकडून, माणसं ऊसतोडीला जातात. पाळीमुळे खाडा पडू नये, मुकादमाची उचल फिटावी, हेच गणित इकडेही आहे.

पिशवी काढायला सांगितली की तीन गोष्टी करा. सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घ्या. जिल्हा रुग्णालयात किंवा धुळे-जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दुसरं मत घ्या. आणि 'औषधाने, हार्मोनवाल्या तांबीने (साधी तांबी नव्हे) बरं होणार नाही का?' असं विचारा. चाळिशीच्या आतल्या बाईने तर दुसरं मत घेतल्याशिवाय सही करूच नये. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक पिशवी-ऑपरेशनं रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला आहे.

समीरा कोहली यांचा खटला प्रत्येक बाईला माहीत असावा. दिल्लीत त्या फक्त दुर्बिणीने तपासणी करून घ्यायला गेल्या होत्या. भुलीत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, बीजांडं काढली. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं: तपासणीची संमती ही अवयव काढण्याची संमती होत नाही, आणि सज्ञान, तात्पुरत्या भुलीत असलेल्या बाईच्या वतीने आईची संमती चालत नाही, जिवाला तातडीचा धोका असेल तर गोष्ट वेगळी.

अपंग, मतिमंद मुलींच्या आईबापांना

हा भाग लिहिताना माझा हात जड होतो. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्यात नेऊन त्यांच्या पिशव्या काढल्या; पाळीची स्वच्छता राखता येत नाही हे कारण दिलं. त्यावर राज्यभर ओरड झाली. तरी आजही आईबाप विचारतात, 'काढून टाकू का?' त्यांची भीती मला कळते: पोरगी शेतात एकटी असते, कोणी काही केलं तर? पण पिशवी काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त त्याचा पुरावा पोटात वाढत नाही. अपंग हक्क कायदा, २०१६ चं कलम १० सांगतं की मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय अपंग व्यक्तीवर वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येणार नाही. पाळीची कामं चित्रं दाखवून, महिनोन्‌महिने धीराने शिकवता येतात. मी शिकवलेल्या मुली आज स्वतःचं कापड स्वतः बदलतात.

न विचारता केलं असेल तर

पहिलं काम रडणं नाही, कागद गोळा करणं. डिस्चार्ज कार्ड, केसपेपर, संमतीपत्राची प्रत, बिलं, नोंद केलेलं माता-बाल कार्ड. डॉक्टरांच्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. अर्ज साधा असावा. मी असा लिहून देते:

'मी (नाव, गाव, तालुका), दिनांक (तारीख) रोजी आपल्या रुग्णालयात दाखल होते. माझ्या केसपेपरची, शस्त्रक्रिया नोंदीची, भूल नोंदीची आणि माझी सही किंवा अंगठा असलेल्या सर्व संमतीपत्रांची प्रत मला ७२ तासांत मिळावी. नसबंदीची माहिती मला शस्त्रक्रियेपूर्वी देण्यात आली नव्हती व त्यास माझी संमती नव्हती.'

दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. सरकारी दवाखाना असेल तर सोबत माहितीच्या अधिकारात जोडपत्र 'अ' भरून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही लागत नाही. तीस दिवसांत उत्तर यायला हवं.

मग तक्रार. ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दलची तक्रार तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाबद्दलची जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. नसबंदीतल्या तक्रारी तपासायला जिल्ह्यात गुणवत्ता समिती असते. अर्जात तिचा उल्लेख जरूर करा. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाता येतं. खाजगी दवाखाना असेल तर ग्राहक आयोगातही, पण दोन वर्षांच्या आत.

पोलिसांकडे जाताना एक काळजी घ्या. तक्रारीची सुरुवात 'डॉक्टरने हलगर्जी केली' अशी करू नका. हलगर्जीचा आरोप आला की दुसऱ्या डॉक्टरचं मत, चौकशी समिती, असा लांबचा रस्ता सुरू होतो. तुमची गोष्ट हलगर्जीची नाही. ऑपरेशन नीटच झालं असेल. तुमची संमती नव्हती, हा मुद्दा आहे. पहिल्या ओळीत तेच लिहा. ठाणेदाराने नोंद घेतली नाही तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना पाठवा, नंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. बाई असाल, किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या असाल, तर उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं. त्यांचा नंबर १५१००.

ऑपरेशननंतर दिवस राहिले, गुंतागुंत झाली किंवा मृत्यू झाला तर सरकारची कुटुंब नियोजन नुकसानभरपाई योजना आहे; अर्ज ९० दिवसांच्या आत करा. पण तो पैसा अपघातासाठी आहे. संमती न घेतल्याचा हिशेब त्याने मिटत नाही, आणि 'हे घे आणि तक्रार मागे घे' असं कोणी म्हणालं तर तेही वहीत लिहून ठेवा.

कायद्यातली पोकळी

आणीबाणीत, १९७६ साली, आपल्याच राज्याच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगापुढे त्या काळातल्या नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद आली. इतकं होऊनही आजवर 'सक्तीची नसबंदी' नावाचा वेगळा गुन्हा आपल्या संहितेत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ११६ मध्ये 'गंभीर दुखापत' कशाला म्हणायचं याची यादी आहे. यादीत पहिलंच नाव पुरुषाच्या पुंस्त्वहरणाचं. बाईची मूल होण्याची ताकद हिरावणं, असं एकही स्वतंत्र वाक्य तिथे नाही. वकिलाला 'अवयवाची शक्ती कायमची नष्ट करणं' या वाक्यातून वाट काढावी लागते आणि ती बसते का यावर वाद घालावा लागतो. अपंग हक्क कायद्याचं उदाहरण तर आणखी बोचतं. अपंग बाईचा तिच्या संमतीशिवाय गर्भपात केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद, पण तिला वंध्य केलं तर त्या कायद्यातलं साधं दंडाचं कलम, पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या १९९८ च्या रोम कराराने लोकसंख्येवर व्यापक हल्ल्याचा भाग म्हणून लादलेली नसबंदी मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत घातली आहे. आपल्याला निदान आपल्या संहितेत एक कलम हवं: माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्य करणं हा गुन्हा, करणारा कोणीही असो आणि करवून घेणारा नातेवाईक असला तरी. त्यात डॉक्टरला घाबरवण्यासारखं काही नाही. ज्याने समजावलं, लिहून घेतलं, तासभर थांबला, त्याला हे कलम शिवत नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. ग्रामसभेला मात्र त्याची वाट बघावी लागत नाही. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर भागात पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभेला जादा अधिकार देणारा कायदा, लागू आहे, तिथल्या ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. बाकी गावांनाही ठराव करता येतोच. ठरावात एवढं घाला: नसबंदी, तांबी आणि पिशवीच्या ऑपरेशनआधी समुपदेशन बाईच्या बोलीत व्हावं, आरोग्य केंद्राने पावरी, भिली, मावची, अहिराणी दुभाष्यांची यादी भिंतीवर लावावी, संमतीपत्रावर सहीची वेळ लिहावी, आणि सक्तीच्या नसबंदीचा वेगळा गुन्हा व्हावा अशी राज्य व केंद्र सरकारकडे मागणी. सूचक आणि अनुमोदक दोन्ही बाया असाव्यात. ठरावाची प्रत जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक, राज्य महिला आयोग, आपले आमदार आणि खासदार यांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोस्टाच्या पावत्या ग्रामपंचायतीच्या त्याच फायलीत चिकटवा.